फादरबाईंचं मातीचं चर्च

आमच्या मॅडम वर्षातून एकदा पाद्री व्हायच्या. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी अंगाभोवती तपकिरी शाल गुंडाळून, कमरेला सुतळी बांधून त्या वर्गात शिरायच्या, टेबलावर चढून बसायच्या आणि म्हणायच्या, "मी स्पेनहून आले आहे. जहाजात उलट्या करून करून जीव नकोसा झालाय, तेव्हा फालतू प्रश्न विचारू नका. मला इथं एक चर्च हवंय. घ्या बांधायला."

पुण्याजवळच्या वाघोलीतल्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात त्या इतिहास शिकवत. सगळा इतिहास शिकवत, पण जीव अडकला होता तो स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत उभारलेल्या मिशनच्या चर्चांमध्ये. म्हणून त्यांचं नाव फादरबाई. तोंडावर कुणी म्हणत नसे. तरी एकदा मी घाबरत घाबरत फोन केला, तर पलीकडून शांत आवाज आला, "हं, फादरबाई बोलतेय. कोण मरतंय?"

त्या टेबलावर बसून चर्चचं वर्णन करायच्या आणि आम्ही ते समोरच्या चिखलातून बांधायचं, असा तो खेळ होता. फोन पिशवीत. चित्र बघायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही. "पाद्र्याकडे कुठं पुस्तक होतं?" त्या म्हणायच्या. "त्यातले इंजिनियर किती होते? लहानपणी पाहिलेलं आपल्या गावचं चर्च आठवून आठवून सांगायचे बिचारे. आणि ऐकणाऱ्यांनी चर्च जन्मात पाहिलेलं नाही. त्यांना आपली माती माहीत, आपली झाडं माहीत. आता मला सांगा, उभं राहिलं ते कुणाचं?" मग त्या चष्मा पुसत म्हणायच्या, "सांगू नका. परीक्षेला येणार नाही. आयुष्यात येईल."

त्यांची आणखी एक सवय म्हणजे मुलांना गावाच्या नावानं हाक मारणं. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. कुठून आलास, आणि घराच्या दारात उभं राहिलं की समोर काय दिसतं. त्या दिवसापासून मी मंगरूळ झाले. वाशीम जिल्ह्यातलं आमचं मंगरूळ वर्गात कुणाला माहीत नव्हतं, आठवड्याभरात सगळ्यांना झालं. निनाद नावाचा एक मुलगा होता, त्याचं कोथरूड झालं. तो म्हणाला, "मॅम, कोथरूड इज नॉट अ गाव." त्यावर त्या म्हणाल्या, "होतं रे. तुम्ही राहायला आलात." मग त्यांनी स्वतःचीही ओळख करून दिली. "मी नारायण पेठ. तीन खोल्या, एक जिना, आणि दारात उभं राहिलं की समोर दुसऱ्यांचं दार."

त्यांच्या गोष्टी ऐकताना इतिहास हा विषय आहे हे विसरायला व्हायचं. न्यू मेक्सिकोतल्या काही गावांत भिंती बांधणं हे बायकांचं काम होतं. पाद्र्यांनी ते पुरुषांच्या गळ्यात घातलं, तर गावातल्या बायका आणि पोरं जमून त्या पुरुषांना हसायची, आणि ते लाजून काम टाकून पळायचे. मेक्सिकोत लोकांना उघड्या आकाशाखाली पूजा करायची सवय होती, मग चर्चला अंगणाच्या बाजूनं उघडी कमान ठेवावी लागली. पाद्री आत, गाव बाहेर. देवदूत कोरायला सांगितले तर शेजारी मक्याची कणसं उमटायची. चर्चची रुंदी कोण ठरवायचं, तर डोंगरातलं झाड. तुळई जेवढी लांब, तेवढंच चर्च रुंद. चुन्यात निवडुंगाचा चीक मिसळायचे, हे सांगून त्या थांबल्या नाहीत. कँटीनच्या पातेल्यात निवडुंग उकळायला ठेवला. कँटीनचे मामा म्हणाले, "मॅडम, याच्यात उद्या पोहे करायचेत." त्या म्हणाल्या, "करा. चिकटून राहतील, वाया जाणार नाहीत."

एकदाच मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. कुणीतरी म्हणालं होतं, किती छान, दोन संस्कृतींचा मिलाफ. त्या म्हणाल्या, "मिलाफ बरोबरीच्यांचा होतो. इथं हुकूम होता आणि पाठीवर चाबूक होता. कुणी विचारून बांधून घेतलं नाही. म्हणून तर बघायचं, की तेवढ्यातूनही माणूस आपलं काय ठेवून जातो." मग पुन्हा नेहमीच्या सुरात, "चला, चिखल वाळतोय."

टेबलावर बसून त्या जे चर्च सांगायच्या ते खरं होतं. न्यू मेक्सिकोतल्या एका लहानशा गावातलं, मातीचं. विद्यार्थिदशेत त्यांनी एका ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं होतं. पुढं ते पान कुणीतरी ब्लेडनं कापून नेलं. तेव्हापासून ते चर्च फक्त त्यांच्या डोक्यात होतं, आणि दर जानेवारीत ते तिथून बाहेर यायचं. तिथं एकदा जायचं हे त्यांचं स्वप्न होतं. "मेल्यावर स्वर्गात नाही गेले तरी चालेल, तिथं उतरवा," म्हणायच्या.

आता विभागप्रमुखांची ओळख करून द्यायला हवी. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणू. कडक इस्त्री, पुस्तकी मराठी, आणि काँप्युटरवर अपार श्रद्धा. त्यांना फादरबाईंच्या तासांच्या जागी नवं सॉफ्टवेअर शिकवायचं होतं. त्यांचं म्हणणं असं, की कारागीर सांगितलं तेवढं करतो, त्याची छाप वगैरे कवींच्या कल्पना आहेत, आणि ही चर्चं म्हणजे स्पेनच्या चर्चांच्या बऱ्यावाईट नकला आहेत. आम्ही चौथ्या वर्षाला असताना दोघांचं कार्यालयात वाजलं आणि पैज लागली. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांनी मोठी भिंत बांधायची. फादरबाईंनी एकदाच वर्णन सांगायचं, सरांनी ते आपल्या फोनवर ध्वनिमुद्रित करायचं. भिंत पुरी झाल्यावर तपासायची. वर्णनात नसलेलं काही भिंतीत निघालं तर फादरबाईंचं खरं, विषय चालू. काही निघालं नाही तर पुढच्या वर्षापासून विषय बंद.

अट एकच, की मुलांना यातलं काही कळता कामा नये. कळलं तर ती मुद्दाम काहीतरी घुसडतील. त्यामुळे आम्हाला हे सगळं नंतर समजलं. आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की सांगितलं तसं बांधा. आणि बांधणाऱ्यांची प्रमुख म्हणून फादरबाईंनी मला नेमलं. मंगरूळची मुलगी, मातीत वाढलेली, हिच्या हातून काहीतरी उमटणारच, असा त्यांचा सरळ हिशोब.

हिशोब चुकला होता. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबांची सायकल दुरुस्तीची टपरी. पहिल्या वर्षी मी समोर ऐसपैस अंगण असलेल्या घराचा नकाशा काढला तेव्हा एका परीक्षकांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "हे घर आहे की बाजार समिती?" सगळे हसले. तेव्हापासून मी ठरवलं होतं, की माझ्या कामात गाव दिसू द्यायचं नाही. रेघ सरळ, माप चोख, सांगितलं तेवढंच. शिवाय फादरबाईंनी माझ्यावर विश्वास टाकलेला. मी मनाशी म्हटलं, मॅडमनी वर्षानुवर्षं मनात जपलेलं चर्च आहे, ते आपण तंतोतंत उभं करून दाखवायचं. केसाएवढाही फरक नको.

वर्णनाच्या दिवशी सर फोन पुढे धरून बसले. फादरबाई शाल सावरून टेबलावर. "पुढची भिंत. खऱ्याहून लहान, पण दारातून माणूस आत गेला पाहिजे. मधोमध दार, वर लाकडाची आडवी तुळई. दोन्ही बाजूंना जाड, खाली रुंद होत गेलेले खांब. वरची कड पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते, मधे घंटेची कमान. दाराच्या उजवीकडे डोळ्यांच्या उंचीवर एक छोटी खिडकी. सगळं मातीनं लिंपून काढा."

"मॅम, खिडकी कशाला? चर्चला?" निनादनं विचारलं.

"कोण आलंय ते दार न उघडता पाद्र्याला दिसायला नको?"

"ओके, लॉजिकल आहे," म्हणून निनादनं लिहून घेतलं. सरांनीही मान डोलावली.

आम्ही माती कालवली, भुसा मिसळला, पायांनी तुडवून कच्च्या विटा पाडल्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चार वर्सं शिकून चिखलच तुडवून राह्यली का वं तू? चिखल तर इथंबी होता." मी तिला म्हटलं, आई, हा स्पॅनिश चिखल आहे. ती म्हणाली, "मग निघन का धुतल्यावर?"

भिंत चढू लागली. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा मी हातातून खाली ठेवत नव्हते. निनादनं एकदा एक वीट हौसेनं तिरकी बसवली, म्हणाला एस्थेटिक वाटतं. मी ती काढून सरळ केली. दुपारी आम्ही ओट्यावर बसून डबे खायचो. पाण्याची बाटली आणि माझं घड्याळ कोनाड्यात असायचं. फादरबाई रोज संध्याकाळी येरवड्याच्या हल्लीच्या घरी जाण्याआधी थर्मासमध्ये चहा घेऊन यायच्या. ओट्यावर बसून भिंत न्याहाळायच्या आणि दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"फार सरळ बांधतेस गं मंगरूळ," एके दिवशी त्या म्हणाल्या.

मला वाटलं, टोमणा आहे. पुण्यात कौतुक आणि टोमणा यांची चाल एकच असते, हे मला तोवर कळलं होतं. म्हणजे कुठंतरी वाकडं झालं असणार. मी डाव्या खांबाचे चार थर उतरवून पुन्हा रचले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाहिलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. "आणखी सरळ केलंस?"

"हो मॅडम."

"वा. तुमच्याकडे सगळे असेच असतात का आज्ञाधारक?"

"हो मॅडम," मी अभिमानानं म्हटलं.

"जरा मनानं काही करावंसं वाटत नाही? एखादं फूल? पक्षी? अगदी छोटा?"

मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे. मी म्हटलं, "नाही मॅडम. तुम्ही पक्षी सांगितला नव्हता." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं की मला एकटीला हसू येतं. बिचाऱ्यांचा विषय माझ्या ओळंब्याला लटकत होता आणि मी त्यांना दर तासाला खात्री देत होते, की बाई, काळजी करू नका, मी तुम्हाला पुरतं बुडवणार आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी सगळी भिंत हातानं लिंपून काढली. खालच्या कडेला गेरूचा पट्टा ओढला, समोरची जागा झाडून पाणी शिंपडलं. फादरबाई त्या दिवशी चहा घेऊन आल्या नाहीत.

सकाळी सर आले, बाहेरचे एक परीक्षक आले, फादरबाई आल्या. शाल नव्हती. साधी सुती साडी, हातात पर्स, परक्या घरी बारशाला आल्यासारख्या बाजूला उभ्या. सरांनी ध्वनिमुद्रण सुरू केलं. एकेक वाक्य ऐकायचं, फोन थांबवायचा, भिंतीत शोधायचं, पुढं जायचं. मधोमध दार, आहे. तुळई, आहे. खांब, आहेत, खाली रुंद होत गेलेले. पायऱ्या, कमान, खिडकी. परीक्षक म्हणाले, "इतकं अचूक काम मी पाहिलं नव्हतं." मी आनंदानं फादरबाईंकडे पाहिलं. त्यांनी कसनुसं हसून मान हलवली.

वर्णन संपलं. ऊन चढलं होतं. सर मनापासून खूश होते. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हणत होतो तेच सिद्ध झालं. जे सांगितलं, ते आणि तेवढंच." असं म्हणत त्यांनी घाम पुसायला रुमाल काढला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून फोन ठेवून दिला, आणि हुश्श करून खाली टेकले.

फादरबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच पुढं आल्या. आवाजात साखर. "सर, आपण कशावर बसला आहात?"

"ओट्यावर."

"आणि फोन कुठं ठेवलात?"

सरांनी डावीकडे पाहिलं. "कोनाड्यात. मग कुठं ठिवायचा? कोनाडा हाय की हितं."

आपण काय बोललो हे सरांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. ते मूळचे शिरूरकडचे आहेत, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"पाद्र्यानं ओटा सांगितला होता का हो?" फादरबाई म्हणाल्या. "पुन्हा ऐकू या. पहिल्यापासून ऐकू या. मला घाई नाही."

पुन्हा ऐकलं. ओटा नव्हता. कोनाडा नव्हता. गेरूचा पट्टा नव्हता. परीक्षक भिंतीजवळ गेले आणि लिंपणावरून बोटं फिरवू लागले. उन्हात आता सगळ्यांनाच दिसत होतं. वरपासून खालपर्यंत एकाशेजारी एक अर्धगोल, हाताच्या पंजाचे, सारवताना उठतात तसे. मला वाटलं, झालं, पकडले गेले. इतका जपून लपवलेला गाव सगळ्यांसमोर भिंतीवर उभा.

"हा कोनाडा तुला कुणी सांगितला?" सरांनी मला विचारलं.

"कुणी नाही, सर. दाराशेजारी कोनाडा असतोच."

"आणि ओटा?"

"ओटा असतोच ना सर. नाहीतर आलेलं माणूस टेकणार कुठं?"

फादरबाईंनी पर्स जमिनीवर ठेवली, माझ्या चिखलानं माखलेल्या ड्रेससकट मला मिठी मारली आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की त्यांना ओट्यावरच बसावं लागलं, सरांच्या शेजारी. "असतोच," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "ऐकलंत का सर? असतोच. आणि मी रोज याच ओट्यावर बसून रडत होते, की हिच्या हातून काहीच कसं उमटत नाही." मग सरही हसू लागले. उठले मात्र नाहीत. ओटा चांगला झाला होता.

विषय चालू राहिला. सरांनी शब्द पाळला, आणि पुढच्या जानेवारीत त्या शालीतल्या पाद्र्यासमोर शेवटच्या बाकावर येऊन बसले, असं धाकटी मुलं सांगतात. फादरबाईंनी प्रश्नपत्रिकेत एक कायमचा प्रश्न घातला. कुठलीही इमारत घ्या आणि तिच्यातलं 'असतोच' शोधा. मी शेवटच्या वर्षी पुन्हा एक घर काढलं, ज्यात घरात शिरायच्या आधी बसायला जागा होती. पहिल्या वर्षीचे तेच परीक्षक आले होते. या वेळी त्यांनी चित्र उचलून कुणाला दाखवलं नाही. बराच वेळ स्वतःच पाहत राहिले.

मागच्या वर्षी फादरबाई निवृत्त झाल्या. भिंत तोवर बरीच झिजली होती, आता तिथं मुलांच्या गाड्या लागतात. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभ्या राहिल्या, तर एवढंच बोलल्या, "मला बोलायचं होतं ते मी तासाला बोलले आहे. जे गैरहजर होते त्यांना आता उपयोग नाही." जाताना त्यांनी ती तपकिरी शाल माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मॅडम, तिकडे थंडी असेल, तुम्हालाच लागेल. त्यांची भाची अमेरिकेत असते. ती त्यांना अखेर त्या गावी घेऊन जाणार होती.

मी आता पुण्याजवळच, मांजरी गावाच्या बाजूला एका कार्यालयात काम करते. गेल्या महिन्यात दुपारी नकाशावर मान घालून बसले होते, तर फोनवर त्यांचा आवाजी निरोप आला. मागे वारा भणभणत होता.

"मंगरूळ, ऐकतेयस का? मी त्याच्यासमोर उभी आहे. खांब आहेत. कमान आहे. भिंत तुझ्यापेक्षा वाकडी आहे, त्यामुळे फार बरं वाटलं. पण एक सांगू? खिडकी नाहीये. चारही बाजूंनी फिरून पाहिलं. इथल्या एका आजोबांना भाचीकरवी विचारलं, की पूर्वी होती आणि बुजवली का? ते म्हणाले, नाही, आमचं दार उघडंच असतं, आत या." मग बराच वेळ नुसतं हसणं, भाचीचं "मावशी, बस कर" असं बोलणं, आणि पुन्हा त्या. "अगं, ती खिडकी आमच्या नारायण पेठेतली. कडी वाजली की आई आधी तिच्यातून बघायची आणि मग ठरवायची, आपण घरी आहोत की नाही."

मी कार्यालयातच मोठ्यानं हसले. मग उत्तर लिहून पाठवलं, "मॅडम, पाद्र्याला खिडकी कुणी सांगितली होती?"

पलीकडून लगेच उत्तर आलं.

"कुणी नाही. दाराशेजारी असतेच."